स्कार्फ बांधून पिएन्झापर्यंत

पिसाचा मनोरा मी पाहिला नाही. व्हेनिसच्या होड्यांत बसले नाही, पोपचं गाव बाहेरूनसुद्धा बघितलं नाही. इटलीहून परत आल्यापासून आमच्या वाघोलीच्या सोसायटीतल्या बायका मला हेच विचारताहेत, आणि मी नाही म्हटलं की त्यांचे चेहरे असे होतात, जणू मी लग्नाला जाऊन न जेवता परत आले. म्हणून एकदाच लिहून काढते. मी तिथे दीड महिना होते. त्यातला एक दिवस मी एकटीने सायकलवर काढला, आणि त्या एका दिवसापुढे बाकीचा दीड महिना मला फारसा आठवत नाही. ज्यांना मनोऱ्याची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं प्रवासवर्णन वाचावं. त्यांची आपल्याकडे टंचाई नाही.

आधी थोडं घरातलं सांगायला हवं, नाहीतर म्हातारीला कुठून हे सुचलं असं वाटेल.

मार्केट यार्डात एका भुसार व्यापाऱ्याच्या दुकानात मी निवृत्त होईपर्यंत हिशेब आणि पत्रव्यवहार बघायची नोकरी केली. शनिवार पेठेतून तिथे रोज सायकलने जायची. हमाल, हातगाड्या, मागे न बघता मागे येणारे ट्रक, रस्त्यावर सांडलेला कांदा, या सगळ्यातून साडी नेसून सायकल काढायची म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. तेव्हा सगळं पुणं सायकलवर होतं, त्यामुळे त्यात कौतुकाचं काही नव्हतं. मग लोकांच्या हातात पैसा आला, दुचाक्या आल्या, मोटारी आल्या, आणि सायकलवाले एकेक करून दिसेनासे झाले. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा मुलगा निखिल सॉफ्टवेअर कंपनीत लागला, खराडी जवळ पडावं म्हणून त्याने वाघोलीला फ्लॅट घेतला, आणि मी पेठेतली भाड्याची जागा सोडून तिथे राहायला गेले. सायकल सोडली नाही. भाजी, वाचनालय, बँक, सगळं सायकलवर.

नगर रस्त्यावर डंपर कसे येतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी निखिल रोज सांगायचा. एकदा मी भाचीच्या लग्नाला सांगलीला गेले होते. परत येऊन बघते तर पार्किंगमधली माझी जागा रिकामी. त्याने माझी सायकल सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकली होती. अडचण होते, गंजली होती, तुझे गुडघे दुखतात, आणि ते डंपर. चारही कारणं एका दमात सांगितली, म्हणजे आधी पाठ केली असणार. वॉचमन परभणीकडचा, सज्जन माणूस. तो रोज माझ्या सायकलवरून कामावर यायचा आणि मला बघितलं की उतरून नमस्कार करायचा. दिलेली वस्तू त्याच्याकडून परत मागणं मला जमण्यासारखं नव्हतं. पण निखिलशी मी कितीतरी दिवस सरळ बोलले नाही. जे बोलले ते टोमण्यांत.

पुढे त्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी फ्लॉरेन्सला पाठवलं आणि त्याने मला बोलावून घेतलं. त्याच्या घराच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायका सायकलच्या टोपलीत कोबी टाकून आरामात चाललेल्या असायच्या. मी निखिलला हाक मारून खिडकीशी आणायचे.

"बघ."

"आई, इथे डंपर नाहीयेत."

"बरं. मग इथे चालवते."

दोन दिवस घुश्शात काढल्यावर त्याने एक शर्त घातली. सिएनाच्या पलीकडे बुओनकोनव्हेन्तो नावाचं गाव आहे, तिथून पिएन्झा तीसेक किलोमीटर. सगळा डोंगराळ मुलूख. सायकल भाड्याने मिळते. मी सकाळी निघायचं, तो मोटारीने पुढे जाऊन संध्याकाळी पिएन्झाच्या वेशीवर थांबेल. मी पोहोचले तर पुण्यात तो मला नवी सायकल घेऊन देईल आणि पुन्हा डंपरचं नाव काढणार नाही. मधे फोन करून मला घेऊन जा म्हटलं, तर सायकल बंद. इथे, तिथे, सगळीकडे, कायमची. मी हो म्हटलं. रागात माणूस कशालाही हो म्हणतो.

बुओनकोनव्हेन्तो

सायकलच्या दुकानदाराने माझ्याकडे नखशिखांत पाहिलं, मग निखिलकडे पाहिलं. पंजाबी ड्रेस, बूट, पाठीवर सॅक, डोक्याला घट्ट वेणी. त्याने सायकल दिली ती एकवीस गिअरची. माझ्या सायकलला गिअर नव्हते, दोन पाय होते. मी त्याला सांगितलं, मला एकच दाखव, चढाला कुठला लागतो तो. बाकीचे वीस तसेच राहिले.

निघण्याआधी आम्ही चौकातल्या हॉटेलात कॉफी घेतली. घोटभर कॉफी, एवढासा कप, आणि सगळे गल्ल्यापाशी उभे राहून पितात. बसलं तर जास्त पैसे. मला अगदी आपल्या अमृततुल्यची आठवण झाली. चहा उभ्यानेच प्यायचा, चार माणसांबद्दल वाईट बोलायचं आणि कामाला लागायचं. निखिलने माझी मोठी बॅग मोटारीत टाकली, नकाशा दिला, मोबाइल चार्ज आहे का तीनदा विचारलं.

"आई, बरं वाटलं नाही तर फोन कर. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणा नाही, पण सायकल बंद."

मी पायडल मारलं आणि पहिल्याच वळणावर सवयीने डाव्या बाजूला गेले. समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला ओरडला, मी मराठीत ओरडले, आणि उजवीकडे आले. निखिलने हे पाहिलं नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले.

मेचे शेवटचे दिवस होते. गहू पिवळा पडत आला होता आणि बांधाबांधांवर लाल पोपीची फुलं होती. टेकड्या एकामागून एक, एकही उंच नाही, आणि प्रत्येक टेकडीवर एक घर आणि घराकडे जाणारी सरूच्या झाडांची रांग. मला सगळ्यात नवल वाटलं ते त्या मोकळ्या टेकड्यांचं. आमच्याकडे एवढी मोकळी टेकडी कुणाच्या नजरेस पडली असती, तर बिल्डरने आतापर्यंत तिच्यावर बारा मजले चढवून त्याला 'हिल व्ह्यू' नाव दिलं असतं. वाघोलीला आम्ही राहायला गेलो तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची. आता समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

चढ आला की मी उतरायची आणि सायकल ढकलत न्यायची. पुण्यात आम्ही असंच करायचो. चढावर उतरायचं, उतारावर बसायचं, यात लाज कसली? इथे मात्र अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घातलेले पुरुष पाठीमागून धापा टाकत यायचे आणि मला ओलांडताना काहीतरी धीर दिल्यासारखं ओरडायचे. मी हात हलवायची. त्यांच्याहून माझा श्वास चांगला चालला होता.

पांढरा रस्ता आणि एक गाव

डांबरी रस्ता सोडून मी नकाशातल्या आतल्या रस्त्याला लागले. या भागात पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते आहेत, हौशी सायकलवाले मुद्दाम त्यांच्यावरून जातात. एक मोटार गेली की अर्धा मिनिट पुढचं काही दिसत नाही. दोन मोटारी गेल्या आणि मी सॅकमधून स्कार्फ काढला.

आता हा स्कार्फ पुण्याबाहेरच्या वाचकांना समजावून सांगायला हवा. पुण्यात कुठलीही बाई दुचाकीवर बसण्याआधी सुती ओढणी डोक्यावरून घेते, कपाळ झाकते, नाकावरून आडवी फिरवते आणि मागे गाठ मारते. उघडे राहतात ते फक्त डोळे, त्यांच्यावर गॉगल. हातात दंडापर्यंत येणारे मोजे. आई मुलीला सिग्नलला ओळखत नाही. परगावच्या माणसाला वाटतं शहरात दरोडेखोरांच्या टोळ्या फिरताहेत, पण ती कॉलेजची मुलगी असते, क्लासला निघालेली. धूर वाढला तशी मीही बांधायला लागले, आणि आता मला त्याशिवाय सायकलवर बसल्यासारखं वाटत नाही. तर मी स्कार्फ बांधला, गॉगल लावला, हातमोजे चढवले, वर भाड्याचं हेल्मेट घातलं, आणि धुळीतून मजेत निघाले.

पुढे एक गाव लागलं. त्याचं नाव मी सांगत नाही. त्या लोकांनी मला जेवू घातलं आहे, त्यांची चहाडी कशाला करू? बाटलीतलं पाणी संपलं होतं. एक वाजत आला होता, सगळी दुकानं बंद होत होती. दुपारी दुकान बंद करण्यावरून पुण्याची जन्मभर चेष्टा करणाऱ्यांनी एकदा या देशात यावं. इथे अख्खं गाव झोपतं आणि कुणी त्यावर विनोद करत नाही. एका किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत शिरले आणि सॅकमध्ये हात घालून पाण्याची बाटली शोधता शोधता म्हणाले, "वॉटर!"

गल्ल्यापाशी पन्नाशीची बाई होती. तिने किंकाळी फोडली आणि दोन्ही हात वर केले.

मला आधी कळेचना. मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागून कुणी आलंय का. मग काचेच्या कपाटात माझं प्रतिबिंब दिसलं. तोंड बांधलेलं, काळा गॉगल, हातमोजे, आणि एक हात पिशवीत. त्या क्षणी मलाही माझी भीती वाटली. मी घाईघाईने हेल्मेट काढायला गेले तर पट्टा गाठीत अडकला, आणि मी जितकी झटापट करू लागले तितकी ती बाई जोरात ओरडू लागली. शेवटी सगळं सुटलं आणि माझे पांढरे केस बाहेर आले तेव्हा ती थांबली. पण तोवर समोरच्या घरातून कुणीतरी फोन केला होता.

नगरपालिकेचा पोलीस आला. पोट सुटलेला, मिशीवाला, जेवणावरून उठून आलेला, कारण रुमाल अजून गळ्यात होता. त्याने त्याच्या भाषेत बरंच काही सांगितलं. दुकानदारीण, तिचं नाव कार्ला, प्रवाशांमुळे तोडकंमोडकं इंग्रजी बोलायची. एव्हाना ती सावरली होती आणि तिला बहुतेक हसूही येत होतं. तिने सांगितलं, इथे तोंड झाकून दुकानात यायला कायद्याने बंदी आहे, आणि याला तुमचा पासपोर्ट हवाय.

पासपोर्ट मोठ्या बॅगेत होता. बॅग निखिलच्या मोटारीत होती. पण मी अशी तशी नाही, माझ्याकडे झेरॉक्स होती. निघण्याआधी पुण्यात ओळखीच्या मुख्याध्यापकांकडून अटेस्ट करून घेतलेली, गोल शिक्का मारलेली, खाली हिरव्या शाईत सही. इतकी वर्षं भारतात प्रत्येक खिडकीवर हेच मागितलं जातं, तर इटलीत का नाही चालणार? मी ती मोठ्या विश्वासाने त्याच्यापुढे धरली. त्याने गोल शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. कार्लाला विचारलं, हे कुठलं सरकार? मी म्हटलं, सदाशिव पेठेतली शाळा आहे. तिने ते भाषांतर कसं केलं देव जाणे. त्याने कागद आदराने घडी करून परत दिला आणि मान हलवली. चालणार नाही.

मग तो म्हणाला, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, मुलगा. तो म्हणाला, त्याला फोन करा, पासपोर्ट घेऊन येऊ दे, आणि तुम्हालाही घेऊन जाऊ दे.

निखिल पिएन्झात बसून याच फोनची वाट बघत होता. मी निम्मी वाट आले होते, गुडघे ठीक होते, दम ठीक होता, आणि आता एका ओढणीपायी सगळं जाणार होतं. मी म्हटलं, फोन करणार नाही. पोलीस म्हणाला, मग मी करतो, नंबर द्या. मी म्हटलं, देणार नाही. कार्लाने विचारलं, का? मुलगा वाईट वागवतो का? मी म्हटलं, नाही हो, फार चांगला आहे, तीच अडचण आहे. आणि मग उभ्या उभ्या, माझ्या पत्रव्यवहारापुरत्या इंग्रजीत, मी तिला शर्तीची सगळी हकिगत सांगितली.

ती ऐकत असतानाच आतल्या दारातून तिची आई बाहेर आली. इनेस तिचं नाव. ठेंगणी, जाड काचेचा चष्मा, कमरेला एप्रन, हाताला पीठ. तिने आधी पोलिसाला झापलं. तो तिचा पुतण्या निघाला. मग माझ्या गळ्यातली ओढणी हातात घेतली आणि खुणेने विचारलं, कसं बांधतात? मी तिला बांधून दाखवलं. नाकावरून आडवी फिरवून गाठ मारली, वर माझा गॉगल लावला. ती पुतण्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आता मलाही धर म्हणून. त्याने कपाळावर हात मारला. मग ती म्हणाली, जे काय ते जेवून झाल्यावर, आणि आत निघून गेली. तिच्यापुढे त्याचं काही चाललं नाही. तोही आमच्याबरोबर जेवायला बसला, कारण घरचं जेवण एव्हाना गार झालं असणार.

इनेसचं स्वयंपाकघर

हाताने वळलेल्या जाड शेवया होत्या, आपल्या शेवयांच्या चौपट जाड, टोमॅटो आणि भरपूर लसूण घातलेल्या. मला मांस चालत नाही म्हटल्यावर तिने ताटातलं काही काढून ठेवलं नाही, मुळात घातलंच नव्हतं. पाव आला तो बेचव. मला वाटलं मीठ विसरली. कार्ला म्हणाली, आमच्या भागात पावात मीठ घालतच नाहीत, पूर्वीपासून. असली खोड जपून ठेवणारे लोक मला लगेच आवडतात. मी सॅकमधून शेंगदाण्याची चटणी काढली, ऑलिव्हच्या तेलात कालवली आणि पावावर लावून दिली. इनेसने खाल्ली, डोळे मिटले आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला. पोलिसाला एक घास मिळाला, तोही मागितल्यावर.

मला वाटलं होतं कार्ला माझ्या बाजूने बोलेल. कुठलं काय! ती म्हणाली, "तुमचा मुलगा बरोबर आहे."

मग तिने आईकडे बोट दाखवून तक्रारींचा पाढा वाचला. हिची ऑलिव्हची बाग डोंगरावर आहे. ही तीनचाकी टेम्पो घेऊन एकटी जाते. आपल्याकडे खेडोपाडी फिरतात तसलाच टेम्पो, तो मागच्या अंगणात उभा होता. डोळ्याला दिसत नाही, ब्रेक लागत नाहीत. गेल्या वर्षी मी किल्ली लपवली. तर हिने जाऊन दुसरी करून आणली. मला विचारलं? नाही. तुम्ही तरी हिला समजवा, तुम्ही शिकलेल्या आहात.

इनेसला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्याबद्दल काय चाललंय हे कुठल्याही आईला कळतं. ती शांतपणे पाव खात होती. मग तिने मला काहीतरी विचारलं आणि कार्लाला भाषांतर करायला लावलं. कार्ला नाखुशीने म्हणाली, "ती विचारते, समजा तुम्ही शर्त हरलात. तर तुम्ही सायकल सोडणार आहात का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हो म्हणता येईना. हरले असते तर मी काय केलं असतं? वाघोलीच्या गॅलरीत बसून वॉचमनला माझ्या सायकलवरून येताना बघत बसले असते? नसते बसले. महिनाभर कुढले असते आणि मग एक दिवस गेलेच असते. म्हणजे मी शर्त लावली तीच खोटी होती. त्याहून वाईट म्हणजे, जिंकले असते तरी पुण्यात ज्या सायकलवर बसायची ती निखिलने परवानगीदाखल दिलेली असती. माझ्या दोन पायांवर मी त्याची सही मागायला इटलीपर्यंत आले होते. माझा मलाच इतका संताप आला की मी काटा ताटात टाकला.

मी पोलिसाला म्हटलं, "मी करते फोन."

निखिलने पहिल्याच रिंगला उचलला. "आई? काय झालं? कुठे आहेस? निघालो मी."

"निघू नकोस. आधी ऐक. आपली शर्त मी मोडली."

"दमलीस का? असू दे गं, एवढं आलीस तेच..."

"दमले नाही. हरलेही नाही. शर्तच मोडली. पोहोचले तरी आणि नाही पोहोचले तरी पुण्यात मी सायकल चालवणार आहे. माझ्या पैशाने घेणार आहे. तू घेऊन द्यायची नाहीस. कळलं?"

"आई, हे फोनवर बोलायचं आहे का? आत्ता?"

"आत्ताच. पोलीस वाट बघतोय."

"पोलीस?"

"हां, त्याच्याशी बोल."

आणि मी फोन पोलिसाच्या हातात दिला. पलीकडून निखिलचा आवाज मला खुर्चीवरून ऐकू येत होता. निखिलला कामापुरतं इटालियन येत होतं, दोघं बराच वेळ बोलले. पोलीस आधी गंभीर होता, मग हसायला लागला, मग माझ्याकडे बघून मान हलवायला लागला. शेवटी त्याने निखिलचं नाव-पत्ता लिहून घेतला आणि कार्लामार्फत मला सांगितलं, जा, पण गावात तोंड उघडं ठेवा. मुलगा म्हणतो, तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं लागली त्याला हे कळायला.

निघताना कार्लाने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. इनेस टेम्पोला टेकून उभी होती. चटणीचा डबा तिने परत दिला नाही.

पिएन्झा

गावाबाहेर आल्या आल्या मी स्कार्फ बांधला. गाव आलं की सोडायचा, गाव संपलं की बांधायचा. कायदाही राहिला आणि मीही राहिले.

दुपारनंतरचं ऊन कडक होतं. पुढचे चढ सकाळच्या चढांपेक्षा मोठे होते, आणि एका ठिकाणी मी फुफाट्यात उभी राहून सरळ रडले. दुःखाने नाही, पोटरीत गोळा आला म्हणून. कुणी बघत नव्हतं. बांधावर बसून पोटरी चोळली, अर्धी बाटली डोक्यावर ओतली, उरलेलं पाणी प्यायले. आता न पोहोचले तरी काही बिघडत नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच उठावंसं वाटलं. पुढचा उतार मी ब्रेक न लावता उतरले. दोन्ही बाजूंनी गहू होता, समोर निळा डोंगर होता, आणि मी मोठ्याने ओरडत होते. काय ओरडत होते ते लिहिण्यासारखं नाही.

पिएन्झाच्या वेशीवर मोटार उभी होती. निखिल डिकी उघडून, मागची सीट पाडून, सायकलची जागा करून तयार होता. आमची रात्रीची खोली गावापासून दोनेक किलोमीटरवर, शेतातल्या एका घरात होती, आणि तिथे जायला अजून एक चढ होता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले.

"पोलिसांनी अडवलं म्हणून शर्त मोडलीस ना?" त्याने विचारलं.

"नाही. मी ती लावायलाच नको होती."

तो खाली बघत म्हणाला, "आई, मला भीती वाटते. मी इथे असणार आणि एक दिवस मला तिकडून फोन येणार. रोज झोपताना तेच डोक्यात असतं."

हे त्याने याआधी कधी सांगितलं नव्हतं. पार्किंगमधली अडचण सांगितली, गंज सांगितला, माझे गुडघे सांगितले. हे सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"तू पहिल्यांदा एकटा सायकलवरून शाळेत गेलास ना," मी म्हटलं, "लक्ष्मी रोड ओलांडून, तेव्हा मी तू परत येईपर्यंत दारात उभी होते. दुकानात खाडा केला होता. दुसऱ्या दिवशी परत उभी. आठवडाभर जेवण गेलं नाही. पण मी तुझी सायकल कुणाला देऊन टाकली नाही."

त्याने हात पुढे करून हँडल धरलं, सायकल डिकीत ठेवायला. मी सोडलं नाही. आम्ही दोघं एकेका बाजूने ते धरून उभे राहिलो. शेवटी त्याने हात काढला, मागची सीट उभी केली आणि डिकी लावली.

"वर चढ आहे," तो म्हणाला.

"दिसतोय."

मी निघाले. तो मोटार घेऊन माझ्या मागे मागे येत होता, पहिल्या गिअरमध्ये, माझ्या वेगाने. अंधारून आलं होतं, मागून त्याच्या दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडत होता. चढ सुरू झाला तशी मी उतरले आणि सायकल ढकलू लागले. मग डावा हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली. तो थोडा वेळ मागेच राहिला. मी पुन्हा खूण केली. मग तो गेला.